शिवण शिंप्याला हवी, पावसाला नको: मेम्ब्रेनच्या टेलर्ड ओव्हरकोटांचं परीक्षण

ब्लेझरवरून घालता येईल असा, खांद्यावर चोख बसणारा, गुडघ्यापर्यंतचा कोट हवा. आणि तोच अंगावर असताना अर्धा तास पाऊस लागला तरी आतला शर्ट कोरडा राहायला हवा. मागणी दोन ओळींची आहे. ती पुरी करण्याचा दावा करणारे कोट चार जातींचे मिळतात: लोकरीच्या पाठीला मेम्ब्रेन (पाणी अडवणारा, पण घामाची वाफ जाऊ देणारा पातळ पडदा) चिकटवलेले, तीन थरांच्या नायलॉन किंवा पॉलिस्टरचे, घट्ट विणीच्या सुती कापडाचे आणि मधे रबर भरलेल्या सुती कापडाचे. पहिल्या दोन जातींवर इथे जास्त वेळ घालवला आहे, कारण कापडाचं नवं तंत्र आणि जुनं शिंपीकाम यांची गाठ त्यांतच पडते आणि चुकाही त्यांतच जास्त होतात.

आमचा कौल आधीच सांगतो. आत ब्लेझर घालून रोज कामावर जाणाऱ्याने लोकर-मेम्ब्रेनचा, सुट्या अस्तराचा, रॅग्लन (गळ्यापासून बगलेपर्यंत तिरक्या शिवणीच्या) किंवा अर्ध-रॅग्लन बाहीचा कोट घ्यावा. सायकलवर किंवा पायी, पाठीला बॅग लावून बराच वेळ पावसात काढणाऱ्याने तीन थरांचा घ्यावा आणि लेपलचा, म्हणजे छातीवर दुमडून उलटणाऱ्या भागाचा, हट्ट सोडावा. लेबलवर छापलेला जलरोधकतेचा आकडा दोघांनाही फारसा उपयोगाचा नाही. असे कोट गळतात ते शिवणीतून, आणि बेंगरूळ दिसतात ते खांद्यात. दोन्ही गोष्टी दुकानात पाच मिनिटांत तपासता येतात.

लोकर ऐकते, नायलॉन ऐकत नाही

लोकरीच्या कोटाला निम्मा आकार कात्री देते आणि निम्मा इस्त्री. बाही कशी लावतात ते पाहा. बाहीच्या वरच्या गोलाचा घेर मुंढ्याच्या घेरापेक्षा ३ ते ४ सेंटिमीटर जास्त बेतलेला असतो. तो जादा घेर कच्च्या टाक्यांवर गोळा करायचा आणि वाफेची इस्त्री फिरवायची. लोकर आकसते आणि घेर आत जिरतो. वरून चुणी एकही दिसत नाही, पण खांद्याच्या टोकाला गोलवा येतो आणि हात पुढे न्यायला जागा मिळते. ओलावा आणि उष्णता मिळाली की लोकरीचा तंतू वळतो, थंड झाला की तेच वळण धरून राहतो. कॉलरचा वळसा, छातीचा उभार, पाठीचा खोलगटपणा हे सगळं याच गुणावर उभं आहे.

नायलॉन आणि पॉलिस्टरला विणल्यानंतर उष्णता देऊन आधीच स्थिर केलेलं असतं, त्यामुळे घरगुती किंवा शिंप्याच्या इस्त्रीने ते आकसत नाहीत. त्यावर मेम्ब्रेन चिकटली की ताणा-बाणा एकमेकांवर सरकण्याची उरलीसुरली मोकळीकही जाते. अशा कापडात सेंटिमीटरभरापेक्षा जास्त घेर जिरवायला गेलं की खांद्यावर चुण्या पडतात, आणि त्या कधीच जात नाहीत. मग आकार आणायचा तो जास्त तुकडे बेतून: कोपराचं वळण दोन तुकड्यांच्या बाहीतून, छातीचा उभार उभ्या शिवणीतून, कंबरेचा भाग पाठीच्या मधल्या शिवणीतून.

आणि शिवण म्हणजे भोकांची रांग. ३ मिलिमीटरचा टाका धरला तर मीटरभर टिपेत ३३० च्या वर भोकं पडतात. शिंप्याला आकारासाठी शिवणी वाढवायच्या असतात, पावसासाठी त्या कमी करायच्या असतात. या कोटांतला प्रत्येक बरा-वाईट निर्णय याच भांडणातून निघालेला असतो.

भांडण जुनं आहे. ग्लासगोच्या चार्ल्स मॅकिंटॉश यांनी १८२३ मध्ये पेटंट घेतलं ते दोन कापडांच्या मधे विरघळवलेलं रबर भरण्याचं. कापड पाणी अडवत होतं. शिंप्यांनी ते नेहमीसारखं शिवलं की सुईच्या भोकांतून पाणी आत येत होतं. टॉमस बर्बरी यांनी १८७९ मध्ये दुसरी वाट काढली: कापडावर थर द्यायचाच नाही, विणण्याआधी धाग्यावरच प्रक्रिया करायची आणि तो घट्ट ट्विल (तिरक्या रेघांच्या) विणीत बसवायचा. त्या गॅबर्डीनचं पेटंट १८८८ चं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मँचेस्टरच्या शर्ली इन्स्टिट्यूटमध्ये व्हेंटाइल तयार झालं, समुद्रात पडणाऱ्या वैमानिकांच्या पोशाखासाठी. लांब तंतूच्या कापसाची ती वीण इतकी दाट, की भिजल्यावर धागे फुगतात आणि मधल्या फटी बुजवतात. १९६९ मध्ये रॉबर्ट गोर यांनी पीटीएफई (टेफ्लॉन म्हणून ओळखलं जाणारं प्लॅस्टिक) झटक्यात ताणून सच्छिद्र पडदा मिळवला आणि १९७६ पासून त्याची कापडं बाजारात आली. आजच्या चारही जाती या वाटांवरूनच आलेल्या आहेत.

लोकर-मेम्ब्रेन: दिसण्यात पहिला, शिवणीत कच्चा

बाहेर साधारण ३०० ते ४०० ग्रॅम प्रति चौरस मीटर वजनाची लोकर, तिच्या पाठीला पातळ मेम्ब्रेन, वरून पाणी झटकणारी प्रक्रिया आणि आत सुटं अस्तर. इटलीच्या लोरो पियाना यांची ‘स्टॉर्म सिस्टीम’ हे या जातीतलं सर्वांत ओळखीचं नाव. दोन पावलांवरून बघणाऱ्याला हा साधा लोकरी ओव्हरकोटच वाटतो, आणि तेच याचं मोठं यश आहे. वारा पूर्ण अडतो, त्यामुळे ६०० ग्रॅमच्या मेल्टन या जाड लोकरी कापडाइतकी ऊब निम्म्याच्या आसपास वजनात मिळते. गुडघ्यापर्यंतच्या कोटाला ढोबळमानाने ४ चौरस मीटर कापड लागतं. मेल्टनचं ते २.४ किलो भरतं, ३५० ग्रॅमच्या लोकर-मेम्ब्रेनचं १.४ किलो. दिवसभर खांद्यावर वागवताना तो किलोभर फरक चांगलाच जाणवतो.

आता दोष. या जातीच्या अनेक कोटांत कापड जलरोधक असतं, पण शिवणींना आतून भोकं झाकणारी चिकट पट्टी लावलेली नसते. त्याचं कारण आळस नसून कापडाची रचना आहे. शिवण उघडून सपाट केली की आतल्या बाजूला मायेची (टिपेपलीकडे राखलेल्या कापडाची) जी बाजू वर येते ती लोकरीची असते, मेम्ब्रेनची नव्हे. पट्टीला आधी ती केसाळ लोकर ओलांडावी लागते आणि मग पलीकडे मेम्ब्रेनवर पकड घ्यावी लागते. माया ५ मिलिमीटरपर्यंत छाटली आणि २२ मिलिमीटर रुंदीची पट्टी लावली तर प्रत्येक बाजूला जेमतेम ६ मिलिमीटर पकड मिळते. माया १० मिलिमीटर ठेवली तर मिलिमीटरभरच उरते, म्हणजे नसल्यासारखीच. त्यात जाड लोकरीमुळे पायरी तयार होते, पट्टी तिथे पुलासारखी अधांतरी राहते आणि काही धुण्यांनंतर सुटते.

पट्टी आहे की नाही हे अस्तर न उसवता कळतं. खांद्याची शिवण अस्तरावरून चिमटीत धरा. पट्टी असेल तर दोन सेंटिमीटर रुंदीचा चपटा, किंचित कडक पट्टा बोटांना लागतो. नसेल तर मऊ, सुटी माया लागते. पाठीच्या चिरेपाशी अस्तर जिथे सुटं असतं तिथून आत बघता आलं तर आणखी चांगलं. पट्टी नाही म्हणून कोट टाकाऊ ठरत नाही. रिमझिम, गाडीतून इमारतीपर्यंतचं अंतर, वारा यांसाठी तो पुरेसा आहे. फक्त त्याला रेनकोट समजून घेऊ नका. आणि पट्टी सगळीकडे नसली तरी खांदा आणि मुंढ्याचा वरचा निम्मा भाग एवढ्या ठिकाणी तरी ती असलीच पाहिजे, कारण पाणी साचून राहतं ते तिथेच.

दुसरा दोष लेपलचा. चांगल्या कोटाचं लेपल बटणापासून वर येताना हळूच वळतं; इस्त्रीने दाबून मोडलेलं नसतं. तो वळसा आत घातलेल्या घोड्याच्या केसांच्या ताठ कापडामुळे, म्हणजे कॅनव्हासमुळे, आणि त्यावर हाताने घातलेल्या शेकडो बारीक टाक्यांमुळे येतो. प्रत्येक टाका बाहेरच्या कापडाचा एखाद-दुसरा धागा पकडतो, आणि कापडाच्या पाठीला मेम्ब्रेन असेल तर प्रत्येक टाका तिला भोक पाडतो. तिथे पट्टीने झाकणंही शक्य नसतं. म्हणून बहुतेक ठिकाणी कॅनव्हास टाळून फ्युजिंग, म्हणजे उष्णतेने चिकटणारं गोंदाचं कापड, वापरतात. त्याचीही अडचण आहे: फ्युजिंग साधारण १२० ते १५० अंश सेल्सिअसला दाबतात, आणि पाणी झटकणाऱ्या प्रक्रियेवर गोंद नीट धरत नाही. काही महिन्यांनी लेपलवर किंवा छातीवर पुरीसारखे फुगे दिसू लागतात. फुगा एकदा आला की दुरुस्ती नाही.

यातून बरा मार्ग म्हणजे कॅनव्हास समोरच्या तुकड्याला न टाचता आतल्या फेसिंगला (समोरच्या कडेला आतून जोडलेल्या कापडाला) टाचणं, आणि फेसिंग त्याच रंगाच्या पण मेम्ब्रेन नसलेल्या लोकरीचं घेणं. मग वळसाही मिळतो आणि बाहेरचा थर अखंड राहतो. ओळखायची खूण अशी: लेपलच्या वळणाचा भाग चिमटीत धरून दोन थर एकमेकांवर घासा. मधे तिसरा, सुटा थर सरकताना जाणवला तर कॅनव्हास आहे. सगळं एकजीव, कागदासारखं लागलं तर फ्युजिंग आहे. फ्युजिंगच असेल तर लेपलवाल्या कोटापेक्षा साध्या उभ्या किंवा बाल्माकान (लहान, सपाट दुमडणाऱ्या) कॉलरचा कोट घेणं शहाणपणाचं. त्या कॉलरला वळशाची गरजच नसते, आणि पावसात ती गळ्यापर्यंत बंदही होते.

एक गोष्ट मात्र या जातीत दुरुस्त होण्यासारखी नाही. पाऊस लांबला की वरची लोकर पाणी धरते. आत थेंब येत नाही, पण कोट जड होतो, बाह्या थंड लागतात आणि वाळायला पूर्ण रात्र लागते.

तीन थरांचा कोट: बगलेत परीक्षा

बाहेर नायलॉन किंवा पॉलिस्टर, मधे मेम्ब्रेन, आत बारीक विणीचं चिकटवलेलं अस्तर. वजन १२० ते १८० ग्रॅम प्रति चौरस मीटर, म्हणजे कोटाचं नुसतं कापड ५०० ते ७०० ग्रॅम. कॅनडाच्या आर्कटेरिक्स कंपनीने २००९ मध्ये ‘व्हेलान्स’ सुरू करून गिर्यारोहणाच्या जॅकेटांचं तंत्र शहरी बेतात आणलं. तेव्हापासून ही जात वाढत गेली. पावसात टिकण्याच्या बाबतीत चौघांत हाच पहिला: वर पाणी धरणारं काही नाही, शिवणींना पूर्ण पट्टी, आणि झटकून खुंटीला लावला की तासाभरात बहुतेक कोरडा.

याचा कस लागतो तो बगलेत. कोट उलटा करा आणि बगल उजेडात धरा. मुंढ्याची शिवण, अंगाची बाजूची शिवण आणि बाहीची खालची शिवण इथे एकत्र येतात. तिन्ही एकाच बिंदूत मिळाल्या तर मायेचे थर एकावर एक चढून छोटी टेकडी तयार होते. गरम हवेने पट्टी चिकटवणारं मशीन सरळ रेषेत बिनचूक चालतं, पण या टेकडीवरून जाताना रोलरचा दाब तिच्या दोन्ही पायथ्यांशी पोचत नाही. पट्टीखाली केसाएवढा बोगदा उरतो. पाणी त्यात शिरलं की शिवणीच्या कडेने धावतं आणि भलत्याच जागी, बहुधा कंबरेजवळ, ओल दिसते. लोक मग कापडाला दोष देतात. बगलेत पट्टी सुरकुतलेली असेल, पारदर्शक पट्टीखाली दुधी बुडबुडे दिसत असतील किंवा नखाने कड उचलली जात असेल, तर तो कोट परत ठेवा. चांगला बेतणारा बाहीची शिवण बाजूच्या शिवणीपासून दोन-तीन सेंटिमीटर सरकवतो, म्हणजे एकाच बिंदूत सगळी गर्दी होत नाही. आणि जिथे शिवणी एकमेकींना छेदतात तिथे वरून गोल ठिगळ चिकटवतो. ते ठिगळ दिसलं की समजा, मागे अनुभवी माणूस आहे.

खांद्याची शिवण कुठे आहे तेही पाहा. नेहमीच्या कोटात ती खांद्याच्या माथ्यावर असते, आणि बॅगेचा पट्टा नेमका तिच्यावर घासतो. पाणी दाबून आत ढकलायला यापेक्षा सोयीची जागा नाही. ती शिवण दोन-तीन सेंटिमीटर पुढे किंवा मागे नेलेली असेल, किंवा रॅग्लन बाहीमुळे नेहमीच्या जागी नसेलच, तर निम्मं काम झालं. रॅग्लनबद्दल आमचं मत स्पष्ट आहे: जिरवता न येणाऱ्या कापडाला तीच योग्य बाही. गळ्यापासून बगलेपर्यंत तिरकी जाणारी शिवण लांब असते, तिचा बाक सौम्य असतो, पट्टी तिथे सपाट बसते. ज्यांना समोरून खांद्याची स्पष्ट रेघ हवी त्यांच्यासाठी अर्ध-रॅग्लन, म्हणजे पुढून लावलेली बाही आणि मागून रॅग्लन, हा उत्तम तोडगा आहे. ताठ खांद्याची, लावलेल्या बाहीची तीन थरांची कोटं फोटोत छान दिसतात. प्रत्यक्षात हात पुढे केला की बाहीच्या माथ्यावर खळगा पडतो.

फॉल, म्हणजे कापड अंगावरून खाली पडण्याची ढब, हा याचा कायमचा कमकुवत मुद्दा. कापड हलकं आणि ताठ असल्यामुळे खालचा घेर पायांना धरून पडत नाही, पुठ्ठ्यासारखा बाहेर उभा राहतो. खालच्या दुमडीला ४-५ सेंटिमीटर रुंदीची दुहेरी पट्टी दिली की थोडं वजन येतं आणि घेर शांत होतो. आतलं अस्तर चिकटवलेलं असल्यामुळे ब्लेझरची बाही त्यावर घासत वर सरकते. म्हणून निदान बाह्यांना तरी क्युप्रो किंवा व्हिस्कोसचं निसरडं अस्तर असावं. आणि चालताना होणारी सळसळ. शांत खोलीत कोट घालून दोन्ही हात हलवून बघा. गुळगुळीत आतल्या थराची कापडं जास्त वाजतात, मऊ विणीच्या थराची कमी.

बटण, झिप, खिसे

बटण लावायला कापड भोसकावं लागतं आणि काजासाठी चिरावं लागतं. काजाच्या कडेला मेम्ब्रेनचे थर उघडे पडतात आणि तिथून सुटायला सुरुवात होते. म्हणून बटणं फक्त वरच्या झाकणपट्टीवर असावीत आणि खरं बंद करण्याचं काम आतल्या झिपने करावं. झिपमागे दुमडलेली पन्हाळीसारखी पट्टी हवी, म्हणजे दातांतून आलेलं पाणी खाली वाहून जातं. चकचकीत लेप दिलेल्या ‘वॉटरप्रूफ’ झिपवर एकटीवर भरवसा नको. लेप वळणावर तडकतो आणि सरकपट्टीपाशी नेहमीच छोटी फट असते. झिप दोन्ही टोकांनी उघडणारी असली पाहिजे, नाहीतर गुडघ्यापर्यंतचा ताठ कोट घालून बसलं की सगळा घेर हनुवटीकडे चढतो. खालून २०-२५ सेंटिमीटर उघडली की प्रश्न मिटतो.

तिरक्या वेल्टच्या (तोंडाला अरुंद पट्टी शिवलेल्या) खिशाला झाकण नसेल तर तोंड किमान आतल्या बाजूला ओढलेलं हवं. खिशाची पिशवी सुती असेल तर ती वातीसारखी पाणी ओढते. हाच वातीचा प्रकार खालच्या घेरालाही होतो: अस्तर थेट दुमडीपर्यंत शिवलेलं असेल तर ओल्या कडेपासून पाणी अस्तरातून वर चढतं आणि पँट भिजते. अस्तर दुमडीच्या दोन-तीन सेंटिमीटर वर संपलेलं आणि कडेला पाणी न शोषणाऱ्या कापडाची पट्टी लावलेली असावी. बाहीच्या तोंडाशीही तसंच.

सुती आणि रबरी

गॅबर्डीन आणि व्हेंटाइल ही सुती कापडं शिंप्याच्या हाताला गोड लागतात. फॉल सुंदर, सळसळ नाही, वर्षं जातील तशी रया वाढते. पाणी झटकणं ओसरल्यावर मात्र व्हेंटाइल भिजून पुठ्ठ्यासारखं ताठ होतं आणि सावकाश वाळतं. अधूनमधून येणाऱ्या सरी आणि वारा असेल तर हा कोट मेम्ब्रेनपेक्षा जास्त आरामाचा, कारण तो खरोखर श्वास घेतो. रबरी मॅकिंटॉशच्या शिवणी आजही चिकटवून वर पट्टी लावतात, त्यामुळे तो उत्तम पाणी अडवतो. पण घामाची वाफ जायला वाटच नाही. बगलेतले धातूचे छिद्रगोल हीच त्याची खिडकी. भरभर चालणाऱ्याने याच्या नादी लागू नये.

लेबलवरचे आकडे

‘१०,००० मिमी’ म्हणजे कापड १० मीटर उंच पाण्याच्या स्तंभाचा दाब सोसतं. ऐकायला मोठं वाटतं, पण पावसापासून संरक्षण देणाऱ्या कपड्यांच्या ईएन ३४३ या युरोपीय मानकात सर्वांत वरच्या वर्गालाही २०,००० पास्कल, म्हणजे साधारण २ मीटर पाण्याचा दाब पुरतो. पट्ट्याखालचा दाब पावसापेक्षा बराच जास्त असतो हे खरं, त्यामुळे १०,००० असलेलं चांगलं. २०,००० साठी जादा पैसे मोजण्याचं शहरात कारण नाही. त्याच मानकात शिवणींचीही चाचणी आहे. विक्रेत्याकडे मागायचा असेल तर तो आकडा मागा.

वाफ बाहेर जाण्याचे आकडे फसवे असतात, कारण चाचणीच्या पद्धती वेगवेगळ्या आहेत आणि एकीचा आकडा दुसरीशी जुळत नाही. जपानी मानकातल्या दोन पद्धतींनी एकाच कापडाचे दोन अगदी वेगळे आकडे येतात. आरईटी (कापड वाफेला किती अडवतं त्याचं माप) दिलेला असेल तर तो बघा. तिथे आकडा जितका कमी तितकं चांगलं. ६ च्या खाली उत्तम, १३ पर्यंत ठीक, २० च्या वर गुदमर. तरीही लक्षात ठेवा, मेम्ब्रेन वाफ बाहेर टाकते ती आत-बाहेरच्या फरकावर. बाहेर उबदार आणि दमट असेल तर फरकच उरत नाही आणि भारीतली भारी मेम्ब्रेनही थंडावते. अशा हवेत पाठीवरच्या झाकणाखालची फट आणि दोन्हीकडून उघडणारी झिप यांनी जो फरक पडतो तो आरईटीने पडत नाही.

कापडावर थेंब मोत्यासारखे घरंगळतात ती वरची प्रक्रिया, आणि ती सर्वांत आधी जाते. प्रयोगशाळेत ४५ अंशांत तिरक्या धरलेल्या कापडावर १५ सेंटिमीटर उंचीवरून २५० मिलिलिटर पाणी शिंपडून ती तपासतात. नव्या कापडाचा निकाल चांगलाच येतो. धुतल्यानंतरचा निकाल छापला असेल तर तोच खरा. वरचं कापड भिजलं तरी मेम्ब्रेन पाणी अडवते, पण वाफेची वाट बंद होते, अंगाला गार लागतं आणि माणूस म्हणतो, कोट गळला. पाणी आणि तेल झटकण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या पीएफएएस या फ्लोरीनयुक्त रसायनांवर बंधनं आल्यापासून हा मुद्दा जास्त महत्त्वाचा झाला आहे. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून बहुतेक कपड्यांत त्यांच्या वापराला बंदी आहे. गोर कंपनीने २०२२ मध्ये पीटीएफईऐवजी विस्तारित पॉलिइथिलीनची मेम्ब्रेन आणली. फ्लोरीन नसलेली नवी प्रक्रिया पाणी चांगलं झटकते, पण तेल झटकत नाही. त्यामुळे कॉलर, मनगट आणि पट्ट्याखालचा खांदा त्वचेच्या तेलाने आधी भिजू लागतात. उपाय एकच, जास्त वेळा धुणं. जुन्या कोटांना जितकं कमी धुवाल तितकं चांगलं ही सवय इथे उलटी पडते.

माप आणि निगा

लोकरी कोटात शिंपी सैल करायला तीन-चार सेंटिमीटर माया ठेवतो. पट्टी लावलेल्या कोटात माया ५-६ मिलिमीटर छाटलेली असते, म्हणजे पुढे मोठा करणं अशक्य. बाही आखूड करता येते, पण मनगटाला झिप किंवा पट्टा असेल तर तीही नाही. तेव्हा माप घेताना आत नेहमीचं सर्वांत जाड कपडं घाला, दोन्ही हात समोर आणून एकमेकांचे कोपर धरा. पाठीवर आडवा ताण दिसला तर एक माप वर जा. बाहीचं टोक अंगठ्याच्या बुडाला टेकावं. ब्लेझरची बाही बाहेर डोकावता कामा नये.

तीन थरांचा कोट ३० अंशांना, द्रव साबणाने, झिप बंद करून धुवा आणि साध्या पाण्यात दोनदा खळबळून घ्या. सॉफ्टनर नको, त्याचा पापुद्रा पाणी ओढतो. पूर्ण वाळल्यावर कमी उष्णतेच्या ड्रायरमध्ये २० मिनिटं फिरवला, किंवा वर सुती कापड ठेवून वाफ बंद करून कोमट इस्त्री फिरवली, की पाणी झटकण्याचा गुण बराच परत येतो. ते पुरेनासं झालं की नवा लेप द्यायचा. सुटं अस्तर असलेल्या कोटाला तो फवारूनच द्या; पाण्यात मिसळायचं द्रावण वापरलं तर अस्तरावरही लेप चढतो आणि घाम अंगावर राहतो. लोकर-मेम्ब्रेनला लेबलवर जे लिहिलं असेल तेच. ड्रायक्लीन लिहिलं असेल तर मेम्ब्रेन असल्याचं दुकानात आधी सांगा आणि शेवटचं खळबळणं स्वच्छ द्रावकातच करून मागा. दमून आल्यावर ओला लोकरी कोट हीटरजवळ ठेवण्याचा मोह होतो, तो आवरा: लोकर आकसते, मेम्ब्रेन आकसत नाही, आणि पाठीवर कायमच्या लाटा येतात.

प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून ठेवू नका. मेम्ब्रेनमधला पॉलियुरेथेनचा थर उबेत आणि ओलाव्यात विघटित होतो. कपाटात नुसता लटकलेला कोटही काही वर्षांत आतून चिकट होऊन पापुद्रे सोडतो. सुती खोळ, वारा खेळेल अशी जागा आणि खांद्यापाशी ४-५ सेंटिमीटर जाडीचा रुंद हँगर. बारीक तारेच्या हँगरवर सगळं वजन त्या खांद्याच्या पट्टीवर येतं, आणि पहिली कड तिथूनच उचलली जाते.